700 तासिकांची जर्मन: श्टुटगार्टमध्ये केलेल्या इन्टेग्रात्सिओन्सकुर्सविषयी

जर्मनीत नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी कुटुंबांत, त्यातही पतिपत्नींपैकी ज्याला अजून नोकरी मिळालेली नसते त्याच्या मनात, पहिल्या काही आठवड्यांतच एक प्रश्न येतो: सरकारमान्य इन्टेग्रात्सिओन्सकुर्स, म्हणजे नव्याने आलेल्यांना भाषा आणि देशाची ओळख करून देणारा अभ्यासक्रम, करावा, खासगी शिकवणी लावावी, की मोबाइलवरच्या धड्यांवर भागवावे? मी हा अभ्यासक्रम सप्टेंबर 2023 मध्ये सुरू केला आणि जुलै 2024 मध्ये पूर्ण केला. त्यानंतर ओळखीच्या अनेकांनी मला हाच प्रश्न विचारला आणि प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्याऐवजी सगळे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. माझे उत्तर सुरुवातीलाच देते. हा अभ्यासक्रम करावा, आणि इथे आल्यापासून जितक्या लवकर जागा मिळेल तितक्या लवकर करावा. त्यात उणिवा आहेत, त्यांतल्या काही गंभीरही आहेत, पण त्याने मला जे दिले ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळाले असते असे मला वाटत नाही.

आधी त्याचे स्वरूप सांगते. 1 जानेवारी 2005 रोजी जर्मनीचा नवा स्थलांतर कायदा अमलात आला आणि त्याबरोबर ही व्यवस्था उभी राहिली. अभ्यासक्रम ठरवण्याचे आणि संस्थांना मान्यता देण्याचे काम स्थलांतर व निर्वासितविषयक संघीय कार्यालय करते, ज्याला इथे सगळे नुसते ‘बाम्फ’ म्हणतात. प्रत्यक्ष शिकवण्याचे काम मात्र गावोगावच्या मान्यताप्राप्त संस्था करतात. त्यांत फोल्क्सहोखशूले म्हणजे प्रौढांसाठीची लोकशाळा ही सर्वांत परिचित असून अशा आठशेहून अधिक लोकशाळा देशभर आहेत, आणि त्यांच्या जोडीला खासगी भाषाशाळा आणि सेवाभावी संस्थाही आहेत. सर्वसाधारण अभ्यासक्रम 700 तासिकांचा असतो आणि एक तासिका 45 मिनिटांची. त्यातल्या 600 तासिका भाषेच्या, म्हणजे शंभर-शंभर तासिकांचे सहा टप्पे, आणि शेवटच्या 100 तासिका देशाचा इतिहास, कायदा आणि समाज यांच्या ओळखीच्या असतात. मी भरले तेव्हा प्रत्येक तासिकेला 2.29 युरो, म्हणजे एका टप्प्याला 229 आणि संपूर्ण अभ्यासक्रमाला 1603 युरो पडले. ठरलेल्या मुदतीत भाषेची आणि देशाच्या ओळखीची अशा दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यामुळे त्यातली निम्मी रक्कम मला परत मिळाली. श्टुटगार्टमधल्या खासगी शिकवणीचे दर पाहता एवढ्या पैशांत इतके तास मिळणे अशक्य आहे.

माझ्याविषयी थोडे. मी मूळची साताऱ्याची, तिथे एका सहकारी बँकेत नऊ वर्षे नोकरी केली. ऑगस्ट 2022 मध्ये यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. यजमानांकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा वास्तव्याचा परवाना, असल्याने मला व्हिसासाठी जर्मनची प्राथमिक परीक्षा द्यावी लागली नाही. आपल्याकडची बरीच मंडळी या सवलतीला सुदैव मानतात आणि मीही मानले होते. आज मात्र मला वाटते की त्या सवलतीमुळे माझे पहिले वर्ष वाया गेले. ज्यांना परीक्षेची सक्ती असते ती माणसे निदान नाव, पत्ता, घड्याळ आणि बाजारहाट एवढी शिदोरी घेऊन विमानात बसतात.

शिकायचेच हा निश्चय झाला तो मुलीच्या बालवाडीच्या दारात. इथे मूल बालवाडीत रुळेपर्यंत आई किंवा वडील काही आठवडे रोज तिथे थांबतात. त्या काळात एके दिवशी ताईंनी मला मुलीसाठी ‘मात्शहोझे’ आणायला सांगितले. मला तो शब्द कळला नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन शोधायला बसले, पण तो लिहायचा कसा हेच ठाऊक नसल्याने सापडला नाही. तो होता चिखलात आणि पावसात खेळताना घालायच्या रबरी विजारीचा शब्द. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. सगळी मुले अंगणात चिखल खेळत होती आणि माझी मुलगी खिडकीशी उभी होती. ताईंनी तिला आत एकटे ठेवले नव्हते, तिच्याबरोबर त्या स्वतः थांबल्या होत्या, आणि तरीही ते दृश्य मला आजतागायत विसरता आलेले नाही.

प्रवेश मात्र लगेच मिळाला नाही. त्या काळात युक्रेनमधून आलेल्या लोकांची संख्या मोठी होती, त्यामुळे प्रतीक्षायादीही लांब होती आणि मला सुमारे चार महिने थांबावे लागले. प्रवेशाच्या वेळी पातळी ठरवणारी एक लहान चाचणी घेतात. मोबाइलवरच्या धड्यांच्या जोरावर मला दुसऱ्या टप्प्यात बसता येईल असे सांगण्यात आले, पण मी पहिल्यापासून बसण्याची विनंती केली आणि तो निर्णय योग्य ठरला. पहिला टप्पा गाळून 229 युरो वाचवणाऱ्या वर्गातल्या दोघांना पुढे नामांची लिंगे आणि विभक्ती यांची गाठ शेवटपर्यंत सुटली नाही. माझा आग्रहाचा सल्ला आहे की ज्यांनी भारतात बसून एकट्याने अभ्यास केला आहे त्यांनीही पाया गाळू नये.

रोज सकाळी चार तासिका, आठवड्याचे पाच दिवस, या हिशेबाने एक टप्पा पाच आठवड्यांत संपतो आणि सुट्ट्या धरून संपूर्ण अभ्यासक्रमाला नऊ-दहा महिने लागतात. वर्गात आम्ही 21 जण होतो. युक्रेनमधल्या शिक्षिका, सिरियातून आलेला एक औषधनिर्माता, तुर्कस्तानातल्या दोन गृहिणी, इरिट्रियाचा एक तरुण सुतार, ब्राझीलची एक नर्तिका, रुमानियातून बांधकामाच्या कामावर आलेले दोघे भाऊ. त्यांच्यापैकी निम्म्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हती. या अभ्यासक्रमाचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे मोल इथे आहे आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नसतो. यजमानांच्या कार्यालयात, बँकेत, दवाखान्यात, अगदी शेजारीही मी अडखळले की समोरचा माणूस सौजन्याने इंग्रजीत बोलू लागे, आणि त्या सौजन्यामुळेच माझी जर्मन दर वेळी पहिल्या वाक्यापाशी संपत असे. वर्गात इंग्रजीचा आडोसा नव्हता. मधल्या सुट्टीत त्या तुर्की भगिनीला मुलाच्या तापाविषयी काही विचारायचे असेल, तर तिला आणि मला मिळून येणाऱ्या शंभरेक जर्मन शब्दांवाचून दुसरा उपाय नव्हता. आपापसांत चुकत, हातवारे करत, एकमेकींचे शब्द उसने घेत आम्ही जे बोललो, त्यातूनच माझी जीभ सुटली. जर्मन माणसाशी बोलताना वाटणारा संकोच तिथे नव्हता, कारण समोरचाही तितकाच चुकत होता.

आता मराठी माणसाच्या दृष्टीने भाषेविषयी, कारण याबाबतीत आपल्या हाती असलेल्या गोष्टींची आपल्यालाच कल्पना नसते. आपण सहसा जर्मनकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो आणि मग ती विनाकारण अवघड वाटते. इंग्रजीतून आलेल्याला तीन लिंगांचा धक्का बसतो. आपल्याला बसण्याचे कारण नाही, कारण मराठीत पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग ही तिन्ही जिवंत आहेत आणि विशेषणाचे शेपूटही त्यांच्याप्रमाणे बदलते. अर्थात कोणत्या नामाला कोणते लिंग हे जुळत नाही: चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी, पण जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे. मुलगी हा अर्थ असलेला ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे ऐकून वर्गात सगळे चकित झाले. तेव्हा मला आपली लेकरू, कोकरू, वासरू ही मंडळी आठवली. लहान, लाडक्या जिवाला नपुंसकलिंगात ठेवायची रीत आपल्याकडेही आहे, आणि ‘शेन’ हा प्रत्यय लघुत्व दाखवतो म्हणूनच तो शब्द नपुंसकलिंगी होतो.

आकड्यांचेही तसेच. जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणताना आधी सात आणि मग चाळीस येतात. इंग्रजीच्या सवयीने पाहिले तर हा उलटा क्रम वाटतो, पण मराठीत आपण नेमके असेच म्हणतो. किमती आणि दूरध्वनी क्रमांक ऐकून लिहिण्याच्या सरावात मी मनातल्या मनात मराठीत ऐकू लागले आणि तो सराव एकदम सोपा झाला. फक्त एकोणीस, एकोणतीस हा आपला ‘एक उणे’चा हिशेब तिथे चालत नाही. उच्चारांतही आपले एक बलस्थान आहे. ज्या ‘त्स’ उच्चारापाशी वर्गातले अनेकजण अडखळत होते, तो आपण ‘चमचा’, ‘चूक’ म्हणताना दिवसातून कितीतरी वेळा करतो.

चतुर्थी विभक्तीपाशी तर मला अगदी घरी आल्यासारखे वाटले. ‘मला थंडी वाजते’ हे जर्मनमध्ये ‘मिअर इस्ट काल्ट’ असे होते आणि ‘मला आवडते’ हे ‘मिअर गेफेल्ट’. दोन्हीकडे अनुभवणारा माणूस कर्ता म्हणून येत नाही, तो ‘मला’ होऊन येतो. इंग्रजीतून भाषांतर करत वाक्य रचणाऱ्याची इथे हमखास चूक होते. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते हा नियम शिकवताना आमच्या बाईंनी फळ्यावर बाण काढून ते शेवटी नेऊन ठेवले. मी वहीत ‘वाइल इश क्रांक बिन’ लिहिले आणि खाली ‘कारण मी आजारी आहे’. शब्दाखाली शब्द बसला. नकारार्थी प्रश्नाला ठाम होकार देण्यासाठी त्यांच्याकडे ‘डोख’ असा एक छोटा शब्द आहे, ज्याचा अर्थ सांगताना पाठ्यपुस्तकाला अर्धे पान लागले. ‘गृहपाठ केला नाहीस?’ या प्रश्नाला आपण ‘केला की!’ म्हणतो, त्यातला ‘की’ म्हणजे डोख. तसेच ‘माल’ म्हणजे आपले ‘जरा’: जरा थांबा, जरा बघू. आदरार्थी ‘झी’ आणि सलगीचे ‘डू’ यांचे तारतम्य तर आपण ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांच्याबरोबर लहानपणीच शिकलेलो असतो. वयाने मोठ्या शेजाऱ्याला पहिल्याच भेटीत ‘डू’ म्हणण्याची चूक आपल्यातले फारसे कोणी करत नाही.

यातले काहीही वर्गात सांगितले जात नाही आणि एकवीस जणांच्या दहा मातृभाषा असलेल्या वर्गात ते सांगणे शक्यही नाही. म्हणून मराठी विद्यार्थ्याने एक वेगळी वही करावी, नवीन नियम आला की त्याखाली आधी मराठी वाक्य लिहावे आणि इंग्रजी बाजूला ठेवावी, असे मी कळकळीने सांगेन. जिथे मराठी कामी येत नाही त्या जागाही त्यामुळे चटकन उघड होतात. आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय नामाला चिकटतो, तर जर्मनमध्ये बदल मुख्यतः नामाआधीच्या उपपदात होतो, आणि मुख्य वाक्यात क्रियापद हट्टाने दुसऱ्या स्थानी बसते. या दोन गोष्टींसाठी पाठांतर आणि सराव याला पर्याय नाही.

अभ्यासक्रमाचा भर व्यवहारावर आहे आणि ती त्याची मोठी जमेची बाजू आहे. घरमालकाला गरम पाण्याची यंत्रणा बिघडल्याचे पत्र, बालवाडीला मूल आजारी असल्याचा निरोप, डॉक्टरांकडे वेळ घेणे आणि ती रद्द करणे, वीजबिलाविषयी तक्रार, सरकारी अर्जातले रकाने. हे सगळे पुन्हापुन्हा करवून घेतात. जर्मनीत आजही पुष्कळ कारभार टपालाने येणाऱ्या पत्रांवर चालतो आणि पत्राला मुदतीत उत्तर देणे फार महत्त्वाचे असते. मी बँकेत काम केलेले असल्याने कागदांना घाबरत नव्हते, पण कागदाची भाषा येत नसेल तर अनुभव कुचकामी ठरतो हे मी पहिल्या वर्षी पुरेपूर भोगले होते. चौथ्या टप्प्यात असताना आरोग्यविम्याच्या पत्राला मी प्रथमच यजमानांच्या मदतीशिवाय उत्तर लिहिले. त्या संध्याकाळी घरात गोड केले.

उणिवांकडे येते. मी ज्या संस्थेत शिकले तिथे सहा टप्प्यांत चार वेळा शिक्षक बदलले. प्रत्येकाची पद्धत वेगळी, प्रत्येकाला आधीच्याने काय शिकवले याची पुरती कल्पना नसलेली, आणि तिसऱ्या टप्प्यात तर दोन आठवडे बदली शिक्षकांवरच काढावे लागले. ज्या दोन बाईंनी जीव ओतून शिकवले त्यांच्याविषयी मला अपार कृतज्ञता आहे, म्हणूनच हे लिहिताना वाईट वाटते. प्रवेश घेण्यापूर्वी ‘पूर्ण अभ्यासक्रमाला एकच शिक्षक राहतील का’ हा प्रश्न संस्थेला स्पष्टपणे विचारावा. दुसरी अडचण वेगाची आहे. पाच आठवड्यांत एक टप्पा हा वेग ज्याने महाविद्यालयीन शिक्षण घेतले आहे त्यालाही दमवतो, आणि ज्याची शाळा युद्धामुळे अर्ध्यावर सुटली त्याच्यावर तर तो अन्याय आहे. रोमन लिपी नव्याने शिकणाऱ्यांसाठी वेगळे, अधिक तासिकांचे वर्ग असतात, पण आमच्या वर्गातला इरिट्रियाचा तरुण लिपी येते म्हणून सर्वसाधारण वर्गात बसवला गेला आणि प्रत्येक टप्प्यात थोडाथोडा मागे पडत गेला. तो हुशार होता. त्याला वेळ हवा होता.

तिसरी अडचण मुलांची आई असलेल्या प्रत्येकीची आहे. वर्ग साडेबाराला सुटत असे आणि बालवाडीत पूर्ण दिवसाची जागा मिळालेली नसल्याने मला एक वाजता मुलीला आणावे लागे, त्यामुळे सुट्टीनंतर थांबून बाईंना शंका विचारणे जवळजवळ अशक्य होते. उपस्थितीचा हिशेब काटेकोर असतो आणि रोज सही करावी लागते, हे योग्यच आहे. पण मूल आजारी पडले की दोन-तीन दिवसांत सुटलेला भाग भरून काढण्याची काही व्यवस्था नव्हती. मी त्यासाठी लोकशाळांच्या संघटनेचे आंतरजालावरील मोफत शिक्षणदालन वापरले. तिथले धडे याच पातळ्यांनुसार लावलेले आहेत आणि लिहिलेले उत्तर प्रत्यक्ष माणूस तपासून देतो. ते अभ्यासक्रमाची जागा घेऊ शकत नाही, पण त्याच्या जोडीला उत्तम आहे.

भाषेच्या परीक्षेत ऐकण्यासाठी 25, वाचण्यासाठी 45 आणि लिहिण्यासाठी 30 मिनिटे असतात, आणि दोन परीक्षार्थींची तोंडी परीक्षा एकत्र, साधारण 16 मिनिटांची असते. बी-1 पातळीचे, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः निभावता येतील इतक्या जर्मनचे, प्रमाणपत्र हवे असेल तर बोलण्यात ती पातळी गाठणे अनिवार्य आहे. त्याखेरीज ‘ऐकणे व वाचणे’ किंवा ‘लिहिणे’ या दोहोंपैकी एकात ती गाठली तरी चालते. ही रचना मला फार शहाणपणाची वाटली, कारण आपल्याकडच्या परीक्षांच्या सवयीने आपण व्याकरणाचे तक्ते घोकतो आणि बोलणे शेवटच्या आठवड्यावर ठेवतो. तोंडी परीक्षेच्या अखेरच्या भागात दोघांनी मिळून एखादी गोष्ट ठरवायची असते. मला आणि रुमानियाच्या धाकट्या भावाला आजारी सहकाऱ्याला भेटायला जाण्याचा बेत आखायचा होता. मधल्या सुट्टीत दहा महिने आम्ही हेच करत आलो होतो.

शेवटच्या 100 तासिकांविषयी अनेकजण ‘नुसते प्रश्न पाठ करा, झाले’ असे सांगतात. परीक्षेत 33 प्रश्न असतात, उत्तीर्ण होण्यासाठी 15 बरोबर पुरतात आणि नागरिकत्वासाठी 17 लागतात. देशासाठीचे 300 आणि आपापल्या राज्याचे 10 असे सर्व प्रश्न आधीच प्रसिद्ध असतात, त्यामुळे पाठांतराने परीक्षा सुटते हे खरेच आहे. आणि ही परीक्षापद्धतीची उणीवही आहे, कारण त्यामुळे वर्गातले निम्मे लोक फक्त प्रश्नसंच सोडवत बसतात. मला मात्र हे पाच आठवडे सर्वांत मोलाचे वाटले. जर्मन राज्यघटनेचे पहिले वाक्य माणसाची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे असे सांगते. आमच्या बाईंनी प्रत्येकाला आपल्या देशाच्या घटनेत असे काही आहे का ते विचारले, तेव्हा शाळेच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर वर्षानुवर्षे वाचलेली आपली उद्देशिका मला आठवली: ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ आणि बंधुता. दोन्ही घटना 1949 सालच्या, त्यांची मे महिन्यातली, आपण स्वीकारलेली नोव्हेंबरातली. हे मी माझ्या तोकड्या जर्मनमध्ये वर्गाला समजावून सांगितले आणि बाईंनी ते फळ्यावर लिहिले.

त्याच आठवड्यात आम्हांला शहरातून पायी फिरवून फुटपाथवर बसवलेले पितळी दगड दाखवले. नाझी राजवटीत ज्यांना घरांतून नेऊन मारले गेले, त्यांच्या अखेरच्या राहत्या घरांसमोर गुंटर डेमनिग या कलावंताच्या उपक्रमातून असे दहा सेंटिमीटरचे चौरस बसवलेले आहेत, आणि त्यांवर नाव, जन्मवर्ष आणि शेवट एवढेच कोरलेले असते. माझ्या रोजच्या वाटेवर असे दोन दगड होते. वर्षभर मी त्यांच्यावरून चालत गेले होते, कारण मला ती अक्षरे वाचता येत नव्हती. सिरियाचा औषधनिर्माता वाकून बराच वेळ एक दगड वाचत राहिला. त्या दिवशी वर्गात परतल्यावर फारसे कोणी बोलले नाही.

वर्गात अजिबात मिळत नाही ती गोष्ट म्हणजे जिन्यावरची भाषा. वर्गात प्रमाण जर्मन शिकवतात, आणि श्टुटगार्टचा वयस्क माणूस श्वेबिश ही इथली बोली बोलतो. ‘आम्हांला सगळे जमते, प्रमाण जर्मन सोडून’ ही ओळ इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने 1999 पासून स्वतःची ओळख म्हणून जाहिरातींत मिरवली. ‘इस्ट’चे ‘इश’ होते, ‘निश्ट’चे ‘नेट’, घराचे लाडाने ‘हॉइस्ले’, आणि वाक्याच्या शेवटी ‘गेल?’ येते, जे आपल्या ‘हो की नाही?’ सारखे आहे. बी-1 चे प्रमाणपत्र हाती असूनही खालच्या मजल्यावरच्या आजींची पहिली दोन वाक्ये माझ्या डोक्यावरून गेली. सातारी बोली ऐकून वाढलेल्या मला हे नवीन वाटायला नको होते, कारण पुस्तकातली मराठी शिकून साताऱ्याच्या मंडईत उभ्या राहिलेल्या परक्याचे हेच होईल. किमान दोन तासिका त्या-त्या प्रदेशाच्या बोलीला द्याव्यात, अशी सूचना मी संस्थेला लेखी दिली आहे. आजींशी ओळख वाढली ती केअरवोखेमुळे. आळीपाळीने एकेका घराकडे आठवडाभर जिना झाडण्याची जबाबदारी येते आणि तशी पाटी दाराला अडकवतात. पाटी त्यांच्याकडून माझ्याकडे येते, त्यामुळे दर काही आठवड्यांनी आमचे पाच मिनिटे बोलणे होते. मी मुंबईच्या राज्यातली आहे हे कळल्यावर मुंबई ही 1968 पासून श्टुटगार्टची भगिनी-नगरी असल्याचे मला त्यांनीच सांगितले.

हा अभ्यासक्रम नोकरी मिळवून देईल का, असेही विचारतात. केवळ याच्या बळावर माझ्या क्षेत्रातली नोकरी मिळणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. बँक, विमा, शाळा, कार्यालय इथे बहुधा बी-2 आणि त्यापुढची पातळी मागतात. त्यासाठी व्यवसायोपयोगी भाषेचे वेगळे वर्ग असतात आणि मी सध्या त्यातच आहे. कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यासाठी मात्र बी-1 थेट उपयोगी पडते. ब्लू कार्डधारकाला प्राथमिक जर्मनवर तो 27 महिन्यांनी मिळू शकतो, तर बी-1 असल्यास 21 महिन्यांनी, म्हणून नोकरी करणाऱ्या जोडीदारानेही संध्याकाळच्या वर्गाचा विचार करावा. ज्यांना निघायला अजून सहा महिने आहेत त्यांनी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा आपल्या गावातल्या चांगल्या शिक्षकाकडे निदान पहिली पातळी करूनच निघावे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मन शिकून येऊ पाहणाऱ्या तरुणांच्या चौकश्या माझ्यापर्यंतही येतात. त्यांना मी हेच सांगते की तिथले शिक्षण पाया घालते, पण इथला मिश्र वर्ग तिथे मिळत नाही, त्यामुळे येऊन पुढच्या टप्प्यात जरूर बसावे.

आमच्या वर्गातले नऊ जण अजूनही दर गुरुवारी संध्याकाळी माइलेंडर चौकातल्या शहर ग्रंथालयात भेटतो. नियम एकच आहे, आपापली मातृभाषा आणि इंग्रजी दोन्ही बाहेर ठेवायची. इरिट्रियाच्या सुताराने दुसऱ्यांदा परीक्षा दिली आणि बी-1 मिळवले, त्याचा सराव आम्ही तिथेच घेतला होता. गेल्या गुरुवारी औषधनिर्माता मित्र आपल्या पदवीच्या मान्यतेविषयी आलेले सरकारी पत्र घेऊन आला. चार पानांचे ते पत्र त्याने मोठ्याने वाचले, आम्ही ऐकत गेलो, आणि शब्दकोश उघडावा लागला तो थेट तिसऱ्या पानावर.